गाणं नेमकं कुठे बिघडतं, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘हल्लीची गाणी ऐकवत नाहीत’ या तक्रारीचं उत्तर ठरलेलं असतं: प्रत्येक पिढीला आपल्या तरुणपणीचीच गाणी गोड वाटतात. उत्तर खोटं नाही, म्हणून तक्रार करणारा गप्प बसतो. दोन्ही बाजू आवडीनिवडीवर भांडत राहतात आणि ज्या गोष्टी मोजता येतात त्या तशाच राहून जातात. सध्याच्या लोकप्रिय गाण्यांत चार-पाच दोष असे आहेत, की त्यांचा आवडीशी संबंध नाही. गाणं तयार होताना ठरावीक टप्प्यावर, ठरावीक कारणाने ते आत शिरतात. बहुतेक वेळा एक बटण थोडं कमी फिरवलं असतं तर शिरलेही नसते. गाण्यांवर वृत्तपत्रांत जे छापून येतं त्यात या टप्प्यांचा उल्लेख जवळजवळ नसतो, म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली. ‘सगळी गाणी सारखीच’ हे विधान वाटतं तेवढं पक्कं नाही. २०१२ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात १९५५ ते २०१० या काळातल्या साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांचा संगणकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. एका स्वरसमूहातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटा कमी झाल्या, ध्वनींच्या रंगातलं वैविध्य आटलं आणि आवाजाची पातळी चढत गेली, असा त्याचा निष्कर्ष होता. तीनच वर्षांनी लंडनमधल्या संशोधकांनी अमेरिकेच्या लोकप्रियता यादीतली १९६० ते २०१० मधली सुमारे १७ हजार गाणी तपासली. त्यांना गाणी सतत एकसुरी होत गेल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा एकसुरीपणाचा वाद चालू राहू दे. आवाजाच्या पातळीबद्दल मात्र वाद घालायला जागा नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डिजिटल ध्वनीला छत असतं. शून्य डेसिबल ही त्याची कमाल मर्यादा, त्याच्या वर आकडाच नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीत १६ बिटांमुळे सुमारे ९६ डेसिबलची खोली मिळाली. म्हणजे कुजबुज आणि गर्जना दोन्ही सुखाने राहतील एवढी उंच खोली. आपण काय केलं, तर सगळं सामान छतालाच टांगलं.

ते कसं होतं हे एका थापेवरून समजेल. ढोलकीवर ‘धा’ वाजतो तेव्हा पहिल्या काही मिलिसेकंदांत एक टोकदार सुळका येतो आणि मागे आस रेंगाळते. मोकळ्या मिश्रणात (म्हणजे गळा आणि सगळी वाद्यं एकत्र जुळवतात तेव्हा) हा सुळका गाण्याच्या सरासरी पातळीच्या बारा-चौदा डेसिबल वर असतो. आता गाणं मोठं वाजायला हवं, पण सुळका आधीच छताला टेकलेला. मग लिमिटर लावतात. तो सुळका दाबतो आणि उरलेलं सगळं वर उचलतो. दोन-तीन डेसिबल दाबलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तेवढं दाबणं हा चांगल्या मास्टरिंगचा, म्हणजे गाणं बाहेर सोडण्याआधीच्या शेवटच्या संस्काराचा, भागच आहे. आठ-नऊ दाबलं की ‘धा’मधला ‘ध’ जातो आणि ‘आ’ उरतो. वरचा-खालचा फरक पाच-सहा डेसिबलवर येतो. संगणकाच्या पडद्यावर अशा गाण्याचं चित्र वीट ठेवल्यासारखं दिसतं. अंतरा हळू, मुखडा मोठा हा भेद नावाला उरतो. शांतता कुठेच नसल्यामुळे तीन-चार गाण्यांनंतर कान शिणतो आणि ऐकणारा कारण न कळता गाणं बंद करतो.

असं करावंसं का वाटतं, याचं कारण कानात आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवलं की कमी आवाजात कानाला खर्जातला आणि अगदी वरचा भाग फिका ऐकू येतो. आवाज वाढवला की तेच गाणं भरदार आणि झळझळीत वाटतं. एकाच गाण्याच्या दोन प्रती वाजवा, एक फक्त एका डेसिबलने मोठी ठेवा. ऐकणारा मोठीला ‘जास्त चांगली’ म्हणेल, ‘जास्त मोठी’ म्हणणार नाही. गाणं पसंत करणाऱ्यांच्या बैठकीत नेमकं हेच होतं. शेजारी दुसऱ्याचं गाणं वाजवून बघतात, आपलं मागे पडल्यासारखं वाटतं आणि ‘अजून जरा ठोस करा’ असा निरोप जातो. ठोस करायला एकच वाट शिल्लक असते.

याचं जाहीर उदाहरण २००८ चं. मेटॅलिका या रॉक बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका दाबलेला होता की सामान्य श्रोत्यांनाही फाटल्यासारखा ऐकू आला. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबून आली होती आणि तिथे ढोल स्वच्छ उठत होते. खेळातलं ध्वनिमुद्रण अल्बमपेक्षा सरस, अशी वेळ आली. नव्याने मास्टरिंग करा म्हणून चाहत्यांनी सह्या गोळा केल्या. मास्टरिंग करणाऱ्याने सांगितलं की आपल्याकडे मिश्रण आलं तेव्हाच ते दाबलेलं होतं. हे महत्त्वाचं आहे, कारण दोष पुष्कळदा शेवटच्या टप्प्याच्या माथी मारला जातो आणि खरा बिघाड दोन टप्पे आधीच झालेला असतो.

यातली गंमत अशी की ही शर्यत आता निरर्थक झाली आहे. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायची पद्धत ठरवून दिली. तिचं एकक एलयूएफएस. आज स्पॉटिफाय आपल्या नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं, ॲपल म्युझिक ‘साउंड चेक’ चालू असताना उणे १६ च्या आसपास, आणि यूट्यूब उणे १४ पेक्षा मोठं गाणं आपोआप खाली ओढतं. उणे ७ ला मास्टर केलेलं गाणं म्हणजे सात डेसिबल खाली येणार. त्याचे सुळके आधीच छाटलेले, तेही सातने खाली. शेजारचं गाणं उणे १४ लाच सोडलं असेल आणि त्याचे सुळके उणे १ पर्यंत जात असतील, तर त्याची थाप सहा डेसिबल वर उठेल, म्हणजे लहरीच्या उंचीने दुप्पट. मोठं दिसायला गेलेला बुटका ठरतो. वर आणखी एक दुखणं: छताला चिकटलेलं गाणं एमपी३ किंवा एएसी या लहान फाइलींमध्ये आवळलं की उलगडताना त्याचे काही सुळके मूळ मर्यादेच्या वर जातात आणि स, श, झांजा खरखरतात. म्हणूनच स्पॉटिफाय एक डेसिबल जागा सोडायला सांगतं, आणि गाणं जास्तच मोठं असेल तर दोन. सल्ला उघड आहे. तरी बैठकीत पुन्हा तेच, ‘जरा ठोस करा’.

जुन्या गाण्यांच्या भक्तांनीही इथे थोडं सावध राहावं. आज ऐकण्याच्या ॲपवर पन्नास वर्षांपूर्वीचं म्हणून जे गाणं वाजतं ते पुष्कळदा अलीकडचं रीमास्टर असतं, आणि त्यावरही हाच लिमिटर फिरलेला असू शकतो. सोबत टेपची सरसर काढण्याच्या नादात आवाजाची हवाही पुसली जाते: वाक्याच्या शेवटचा श्वास, सारंगीच्या गजाची घासट, खोलीचा हलका घुमारा. ‘जुनं ते सोनं’ म्हणताना आपण कुठल्या सालची प्रत ऐकतो आहोत हे बघायला हवं.

आता सूर. गाणाऱ्याला सुरात आणणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीत लहरी सोडून तेलाचे साठे शोधण्याच्या गणितावर काम करत होते. तेच गणित गळ्याला लागू केलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलिव्ह’ या गाण्यात त्याचं टोक ऐकू आलं आणि सुरुवातीला निर्मात्यांनी तो परिणाम दुसऱ्याच यंत्राचा असल्याचं सांगितलं. तेव्हा लपवण्यासारखं वाटत होतं, आज न लावणं लपवावं लागतं.

या साधनात मुख्य बाबी दोन. पट्टी-सप्तक कोणतं आणि चुकलेला सूर किती वेगाने ओढायचा. वेग मिलिसेकंदांत असतो. शून्यावर ठेवला की सूर तत्क्षणी खिळ्यावर बसतो आणि यांत्रिक कंप ऐकू येतो. वीस-तीस-चाळीसच्या आसपास ठेवला तर साध्या सरळ सुरात हात लागल्याचं कळतही नाही. बिघडतं ते सूर सरळ नसतो तेव्हा. मींड घ्या. षड्जावरून पंचमाकडे गळा घसरत जातो, वाटेत कुठेही थांबत नाही. वेग कडक असेल तर सॉफ्टवेअर वाटेतल्या प्रत्येक स्वराशी त्याला पकडतं आणि उतरणीची पायरी होते. मुरकीत दोन स्वर इतके जवळून जातात की त्यातला एक नेहमी हरवतो. आंदोलन तर दोषच समजलं जातं आणि सपाट होतं. मग गायक-गायिका काय करतात? आधीच सरळ गातात. यंत्राला जे झेपत नाही ते गळ्यातूनच निघून जातं, आणि हा तोटा कुठल्याही मापकावर दिसत नाही.

दुसरा घोळ खिळे कुठे ठोकलेत याचा. सॉफ्टवेअर सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतं. षड्ज २४० हर्ट्झचा धरला तर कानाला निवांत वाटणारा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर येतो. समान भागांतला गंधार येतो ३०२.४ वर. फरक चौदा सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. क्षुल्लक वाटेल. पण तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो तो १२०० हर्ट्झवर असतो, आणि वर ओढलेल्या गंधाराचा चौथा उपस्वर (मूळ कंपनाच्या चौपट) सुमारे १२०९.५ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा थरथरी उठतात. गायिका नेमका तीनशेचा गंधार लावते, सॉफ्टवेअर तो ‘चुकला’ म्हणून वर सारतं, आणि बिनचूक सुराचा बेसूर होतो. पेटीवरही हाच आक्षेप आहे, पण पेटी गळ्याला हाताला धरून ओढत नाही. हे टाळता येतं. अशा सॉफ्टवेअरमध्ये स्वरस्थानं बदलायची सोय असते, आणि त्याहून सोपं म्हणजे सगळ्या ट्रॅकवर ते सरसकट न लावता चुकलेल्या दोन शब्दांपुरतंच लावणं. त्याला अर्धा तास जास्त लागतो. तो अर्धा तास कुणाकडे नसतो.

तालाचं प्रकरण याच जातीचं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि तिचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. पडद्यावर या रेषांची जाळी असते आणि एका कळीवर सगळे ठोके रेषांवर उड्या मारतात. चांगला वादक मात्र समेच्या दहा-वीस मिलिसेकंद मागे रेलून किंवा किंचित पुढे सरकून वाजवतो, आणि ते दर आवर्तनात सारखं नसतं. त्यालाच आपण लयीचा झोल म्हणतो. गंमत म्हणजे यंत्रंही सगळी इतकी कडक नव्हती. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्येच ठोके रेषेवर आणायची सोय होती आणि त्यांना झोका द्यायचीही. आपण पहिली वापरतो, दुसरी विसरतो.

जाळीवर बसलं की चिकटवणं आलं. दोन आवर्तनं चांगली जमली की तीच पूर्ण गाणंभर. आठ सेकंदांचा हिशेब बघा: चार स्वरमेळ (षड्ज, पंचम, धैवत, मध्यम यांवर उभे, धैवतावरचा कोमल छटेचा), प्रत्येकाला चार मात्रा, लय १२०. एक फेरी आठ सेकंदांची. तीन मिनिटांच्या गाण्यात ती बावीसहून जास्त वेळा फिरते. पुनरावृत्तीला नाव ठेवत नाही. तंबोरा काय वेगळं करतो? पण तंबोऱ्यावर काहीतरी चालतं, चढतं, परत येतं. इथे वरची चालही त्या चौकडीच्या आत बसवलेली असते, कारण चाल आधी आणि साथ नंतर हा क्रमच उलटला आहे. तयार लूप (पुन्हा पुन्हा फिरवायचा ध्वनीचा तुकडा) आधी येतो, त्यावर गुणगुणत चाल ‘सापडते’. त्यामुळे अंतऱ्यात वेगळ्या षड्जावर जाणं किंवा मुखड्याकडे वळताना एक आवर्तन कमी घेणं सुचलं तरी लूप ते करू देत नाही. तोच विकतचा लूप शंभर जणांकडे असतो, म्हणून ‘हे कुठेतरी ऐकलंय’ हा भास पुष्कळदा भास नसतोच.

लांबीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे तक्रार अर्धीच खरी आहे. दहा इंची ७८ च्या तबकडीत एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावत आणि त्यात मोठी माणसं मोठं काम करून गेली. आजचा दबाव वेगळा आहे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ‘स्ट्रीम’ मोजला जातो, मग ते दोन मिनिटांचं असो की सहा. साहजिकच सगळा जीव पहिल्या तीस सेकंदांत. अमेरिकेतल्या पहिल्या दहांतल्या गाण्यांचा एक अभ्यास आहे: १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुरुवातीचं वाद्यसंगीत सरासरी वीस सेकंदांहून जास्त होतं, २०१५ मध्ये पाच सेकंदांच्या आसपास. कान जुळवून घ्यायच्या आत मुखडा अंगावर येतो. पुढे एक मिनिट चाळीस सेकंदांनंतर काय घडतं याची फिकीर फारशी कुणाला नसते, आणि तिसरा अंतरा तर गेलाच.

त्याहून वाईट म्हणजे वेग वाढवलेल्या प्रतींचं वेड. सव्वापट वेगाने वाजवलं की तीन मिनिटांचं गाणं दोन मिनिटं चोवीस सेकंदांत आटोपतं आणि पट्टी जवळजवळ चार अर्धस्वरांनी चढते, म्हणजे षड्ज गंधाराजवळ जाऊन बसतो. गळ्याचा घेर तेवढाच आक्रसतो, म्हणून बायका-पुरुष सगळेच बाहुल्यांसारखे गातात. पट्टी न बदलता वेग वाढवायची युक्ती आहे, पण तिच्यात ध्वनीचे बारीक तुकडे कापून जोडावे लागतात. त्याचा पहिला फटका त, ट, क या व्यंजनांना आणि थापेच्या टोकाला.

एका बाबतीत मात्र संगीत करणाऱ्यांची बाजू घेतो. खर्ज मुद्दाम फाटका ठेवतात ही तक्रार ऐकतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ५० हर्ट्झचा ठोका वाजवताच येत नाही. त्याला जरा फाडलं की १००, १५०, २०० असे उपस्वर तयार होतात आणि त्यांवरून कान न वाजलेला खर्ज स्वतःच जुळवून घेतो. यात अक्कल आहे. फक्त त्याच प्रतीचा मोठ्या स्पीकरवर चिखल होतो, म्हणून मिश्रण दोन्हीकडे ऐकून मगच सोडावं.

हे सगळं घरी तपासता येतं. ॲपमधली आवाज समान करायची सोय चालू करा, साधे इअरफोन लावा आणि एक नवं व एक जुनं गाणं पाठोपाठ ऐका. मग आवाज इतका कमी करा की शेजारचं बोलणं त्याच्यावर येईल. चांगल्या मिश्रणात थाप आणि शब्द तेव्हाही सुटे कळतात, दाबलेल्यात नुसती गुणगुण उरते. सुरासाठी एकच लांबलेला शब्द निवडा आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना कान द्या. जाताना वाट ऐकू आली तर गळा शाबूत आहे, नुसती दोन ठिकाणं ऐकू आली तर नाही. तालासाठी बोटाने मात्रा मोजत पहिलं आणि दहावं आवर्तन ताडून पाहा. पहिल्यातला एखादा वेडावाकडा ठोका दहाव्यातही हुबेहूब तसाच आला, की तो चिकटवलेला. ‘सुमार’ म्हणून टाकलेली काही गाणी या तपासणीत उत्तीर्ण होतील आणि आवडती काही नापास, हेही सांगून ठेवतो.

आपल्याकडे मागणं एवढंच. नव्या गाण्यावर लिहिताना समीक्षकाने ते समान आवाजावर ऐकून लिहावं. ‘श्रवणीय’, ‘ठेका धरायला लावणारं’ या शब्दांच्या जागी गाण्यात वाद्यं वाजवली आहेत की लूप आहेत, गळ्याला किती हात लावला आहे, थाप उठते की नाही, एवढी तीन वाक्यं यावीत. जुनं गाणं पुन्हा प्रसिद्ध झालं तर प्रत कुठल्या सालच्या मास्टरिंगची तेही यावं. आणि गायक, गीतकार, संगीतकार यांच्या खाली मिश्रण व मास्टरिंग करणाऱ्यांची नावं छापावीत. ‘अजून ठोस करा’ असा निरोप आल्यावर नाही म्हणायला त्यांना निदान आपल्या नावाचा आधार राहील.

आपला नम्र,
एक ध्वनिमिश्रक